वायफाय कनेक्टेड दिसतं पण नेट चालत नाही, आणि एकदा नेटवर्किंगचं बेसिक कोणी नीट समजावेल का?

अभ्यासिका_सदाशिव

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेत आमची छोटी अभ्यासिका आहे, ७० खुर्च्या, एमपीएससी आणि बँकेच्या परीक्षांची मुलं बसतात, बीड लातूर सोलापूरकडची जास्त. आधी एकच पाळी होती, आता दोन-अडीच महिन्यांपासून सकाळी ७ ते २ आणि दुपारी २ ते ९ अशा दोन केल्यात. महिनाभर झालं, मुलं सांगतात सर वायफाय कनेक्टेड दिसतंय पण नेटच नाही. सगळ्यांना नाही, एकाच टेबलावर एकाचं चालतं आणि शेजारच्याचं नाही. सकाळी दहा-बारा जणांना त्रास, दुपारी विचारूच नका. माझ्या काउंटरवरच्या लॅपटॉपला मात्र एकदाही प्रॉब्लेम आलेला नाही त्यामुळे कंपनीचा माणूस येतो, माझ्या लॅपटॉपवर स्पीड दाखवतो आणि जातो. त्याच्याच सांगण्यावरून १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला, काडीचा फरक नाही.

काल एका मुलीची टेस्ट सिरीजची परीक्षा साडेतीनला मध्येच बंद पडली, ती काही बोलली नाही पण मला रात्री झोप आली नाही. महिन्याचे पैसे मोजून येतात ही पोरं. मी कॉमर्सवाला, आयपी, गेटवे, डीएनएस हे शब्द नुसते ऐकलेत. कोणाला पैसे देऊन करून घेईन पण आधी मला समजून घ्यायचंय की हे चालतं कसं, नाहीतर पुढच्या महिन्यात परत तेच.

कोथरूडकर_८८

डीएनएस बदलून गूगलचा ८.८.८.८ टाका, आमच्याकडे असंच व्हायचं, लगेच सुटलं.

रात्रपाळी

दादा, डीएनएस वगैरे काहीही आत्ता बदलू नका. आधी बघायचं, मग हात लावायचा. मी हिंजवडीला नेटवर्कच्या कामात आहे, रात्रीची ड्युटी असते म्हणून हे नाव, आणि रोज हेच सांगावं लागतं की "नेट गेलं" हा एक आजार नाहीये, चार-पाच वेगवेगळे आजार एकाच नावाने ओळखले जातात.

पहिली गोष्ट, कनेक्टेड म्हणजे नेट आहे असं नाही. कनेक्टेड म्हणजे फक्त फोन आणि तुमचा डबा, म्हणजे राउटर, यांचं रेडिओवरून जमलं. डब्याच्या पुढे काय आहे ते त्या शब्दाला माहीत नाही. नंतर फोन स्वतः बाहेरच्या एखाद्या ठराविक सर्व्हरला हाक मारून बघतो, उत्तर आलं नाही की "नो इंटरनेट" लिहितो.

आता एक वाडा डोळ्यासमोर आणा, तुमच्याच पेठेतला. आत वीस खोल्या, रस्त्यावर उघडणारा दरवाजा एकच. प्रत्येक खोलीला नंबर लागतो, तो म्हणजे आयपी अॅड्रेस, १९२.१६८.१.२५ असा चार आकड्यांचा. घरगुती राउटरवर सबनेट मास्क बहुतेक वेळा २५५.२५५.२५५.० असतो, त्याचा अर्थ एवढाच की पहिले तीन आकडे वाड्याचे आणि शेवटचा खोलीचा. पहिले तीन जुळले तर तो आपल्याच वाड्यातला, थेट जाऊन बोलायचं. जुळले नाहीत तर तो बाहेरचा, मग पाकीट दरवाज्यावरच्या माणसाकडे द्यायचं, त्या दरवाज्याला गेटवे म्हणतात आणि तुमच्याकडे तो बहुतेक १९२.१६८.१.१ असेल. म्हणजे खोलीला स्वतःचा नंबर माहीत हवा, वाडा कुठे संपतो ते माहीत हवं आणि दरवाजा कुठे आहे ते माहीत हवं. यातलं एक चुकलं की खोलीत बसून कितीही ओरडा, रस्त्यावर आवाज जात नाही.

आणि १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर फक्त आतल्या वापराचे असतात. १९९६ साली १०. ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ असे तीन गट खासगी वापरासाठी म्हणून पक्के करून ठेवले. कारण सगळे मिळून पत्ते ४२९ कोटींच्या आसपासच आहेत, ३२ बिटचा आकडा तेवढाच मोठा होतो, आणि प्रत्येक फोनला वेगळा जाहीर पत्ता द्यायला ते पुरत नाहीत. म्हणून बाहेरच्या जगाला तुमच्या ७० मुलांचा पत्ता एकच दिसतो. आतून पाकीट बाहेर जाताना राउटर त्यावरचा आतला नंबर काढून बाहेरचा लावतो, कोणी काय पाठवलं याची वही ठेवतो आणि उत्तर आलं की वही बघून बरोबर त्या खोलीत नेऊन देतो. त्याला नॅट म्हणतात.

डीएनएस सगळ्यात शेवटी येतं. माणसांना नावं लक्षात राहतात, मशीनला आकडे लागतात, म्हणून नाव सांगून आकडा विचारायची सोय. १९८३ ला पॉल मॉकापेट्रिसने ती बांधली, त्याच्याआधी सगळ्या मशीनची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि सगळे ती फाइल उतरवून घ्यायचे. डीएनएस बिघडलं की आकड्याने जाता येतं पण नावाने नाही, एवढी त्याची खूण.

तर आता एवढंच करा. ज्या मुलाच्या लॅपटॉपवर नेट चालत नाहीये तिथे कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली काळी खिडकी) उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाईप करा, तुमच्या लॅपटॉपवर पण करा, आणि दोन्हीकडचे आयपी अॅड्रेस आणि डिफॉल्ट गेटवे जसेच्या तसे इथे लिहा. त्यानंतर पिंग करून, म्हणजे एक छोटी हाक मारून, आधी गेटवेकडून उत्तर येतंय का बघा, मग ८.८.८.८ ला. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत काही नवीन जोडलंय का, कितीही छोटं असू दे, ते आठवून लिहा.

अभ्यासिका_सदाशिव

ताई खूप आभार, वाड्याचं एकदम डोक्यात बसलं, मी वाड्यातच वाढलोय. आत्ता करून बघितलं.

माझा लॅपटॉप: आयपी १९२.१६८.१.१०४, गेटवे १९२.१६८.१.१.
चालत नाही तो लॅपटॉप: आयपी १९२.१६८.०.११२, गेटवे १९२.१६८.०.१.

दुसऱ्यावर गेटवेला पिंग केलं तर उत्तर येतंय, ८.८.८.८ ला नाही. तीन-चार मुलांचे फोन बघितले, ज्यांचं चालत नाही त्या सगळ्यांना मध्ये ० आहे, चालतं त्यांना १.

नवीन म्हणाल तर, आतल्या खोलीतली मुलं म्हणत होती की इथे रेंज येत नाही, म्हणून महिन्यापूर्वी घरी पडलेला जुना राउटर तिथे लावला, मोठ्या राउटरमधून एक वायर नेऊन त्याच्यात घातली. नाव आणि पासवर्ड दोन्हीला सारखाच ठेवला म्हणजे मुलांना वेगळं काही करायला नको. रेंज तर छान यायला लागली.

रात्रपाळी

सापडलं. वायर जुन्या राउटरच्या वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये नाही, चार सारख्या पोर्टपैकी एकात घातलीये ना? नाहीतर मोठ्या खोलीतल्या मुलांना ०.११२ सारखा नंबर मिळालाच नसता.

खोलीला नंबर कोण देतं ते सांगायचं राहिलं होतं. फोन नेटवर्कवर येतो तेव्हा त्याच्याकडे काहीच नसतं, ना स्वतःचा नंबर ना दरवाज्याचा पत्ता. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो, कोणी नंबर देता का. राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर म्हणतो, हा घे नंबर, हा दरवाजा, हा डीएनएस, आणि इतक्या वेळासाठी हा तुझा. फोन हो म्हणतो, संपलं, काही सेकंदांचं काम.

आता तुमच्या वाड्यात नंबर देणारे दोघे बसलेत. हाक दोघांनाही ऐकू जाते, दोघेही नंबर पुढे करतात आणि फोन साधारणपणे जो आधी आला तो घेतो. मोठ्या राउटरचा घेतला तर नेट चालतं. जुन्याचा घेतला तर तो सांगतो की दरवाजा म्हणजे मीच, ०.१, आणि त्याच्या बाहेर जायच्या पोर्टला तर काहीच जोडलेलं नाही. दरवाजा आहे, पलीकडे भिंत. म्हणून गेटवेला पिंग जातं आणि पुढे जात नाही, आणि म्हणून शेजारशेजारच्या दोन फोनचं नशीब वेगळं. तुमचा लॅपटॉप सकाळी सगळ्यांच्या आधी उघडतो आणि त्याच्याकडे जुना चांगला नंबर असतो, तोच परत मागतो, म्हणून तुम्हाला कधी दिसलंच नाही.

करायचं असं: जुना राउटर नेटवर्कमधून सोडवा, त्याला फक्त तुमचा लॅपटॉप वायरने जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा. आधी त्यातला डीएचसीपी सर्व्हर बंद करा, मग त्याचा स्वतःचा लॅन आयपी, म्हणजे आतल्या बाजूचा पत्ता, बदलून १९२.१६८.१.२ करा. सेव्ह करून परत आत नेऊन तीच वायर त्याच चारपैकी एका पोर्टमध्ये. आता तो नुसता रेंज पसरवायचं काम करेल, नंबर वाटणार नाही. मुलांना एकदा वायफाय बंद करून चालू करायला सांगा.

भोसरी_जुना

रात्रपाळी यांनी फार छान समजावलंय, मला एवढं सोपं कधी सांगता आलं नाही. मी भोसरीला एका कारखान्यात नव्वदीच्या दशकात नेटवर्क टाकायचो, तेव्हा आजच्यासारखी प्रत्येक मशीनला मधल्या डब्यापासून वेगळी वायर नव्हती, एकच काळी कोअॅक्स केबल सगळ्या टेबलांखालून फिरायची, प्रत्येक मशीनला टी कनेक्टर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारं टोपण. एका तुकड्याला १८५ मीटरची मर्यादा आणि वेग सगळ्यांत मिळून १० एमबीपीएस. झाडू मारताना कोणाचा टी हलला की अख्ख्या मजल्याचं नेटवर्क बंद आणि कुठे हलला ते सांगायला काही सोय नाही. मग आम्ही बरोबर मध्यावर केबल तोडायचो, तिथे टर्मिनेटर लावायचा, अर्धी बाजू चालू झाली का बघायचं, नाही झाली तर बिघाड या अर्ध्यात, परत तिचे दोन भाग. चाळीस मशीनमधली जागा पाच-सहा वेळा तोडून सापडायची. आज तुम्ही गेटवेला पिंग केलं आणि मग बाहेर केलं, ते तेच काम आहे, आमचे गुडघे सोलायचे तेवढा फरक.

अभ्यासिकावाल्यांना एकच विचारायचंय, ३०० चा प्लॅन घेतलाय तर वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर स्पीड किती दिसतो? ९४-९५ च्या पुढे जात नसेल तर वायरीच्या टोकांवर संशय घ्या. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार क्रिंप करताना, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवताना, नीट बसली नसेल तर दोन्ही बाजूंची मशीन गुपचूप १०० वर उतरतात, नेट चालतं, कोणाला कळत नाही, आणि आपण प्लॅनचे पैसे भरत राहतो. रंगांचा क्रम पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्ही टोकांना सारखाच. आणि स्पीड बघताना एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, डाउनलोडच्या खिडकीत दिसतं ते बहुतेक मेगाबाइट, आठने भागायचं, ३०० चे ३७ च्या आसपास दिसले तर बरोबर आहे.

अभ्यासिका_सदाशिव

काका, मोजला, ९४ येतोय! संध्याकाळी तपकीर गल्लीत जाऊन तयार केबल घेऊन येतो.

ताई, काल रात्री तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. आज सकाळी एकही तक्रार नाही, मी मुलांना उठून उठून विचारत होतो. पण दुपारी अडीचनंतर नवीनच. आता कनेक्टेडसुद्धा होत नाही, फोनवर "आयपी अॅड्रेस मिळवत आहे" असंच फिरत राहतं आणि सोडून देतं. एका लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग केलं तर १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी नंबर आणि गेटवेच्या जागी काहीच नाही. सकाळच्या पाळीची जी मुलं बसून राहिली त्यांचं मस्त चालतंय. मी काही चुकीचं केलं का?

रात्रपाळी

नाही दादा, तुम्ही बरोबर केलंत, आणि खरं सांगू का, मूळ दुखणं आत्ता बाहेर आलंय.

१६९.२५४ म्हणजे मशीनने हाक मारली, कोणीच नंबर दिला नाही, शेवटी त्याने स्वतःच एक घेतला. हा दिसला की समजायचं, डीएचसीपीकडून उत्तर नाही. आणि तुमच्याकडे सर्व्हर तर चालू आहे, म्हणजे त्याच्याकडचे नंबर संपलेत.

मोठ्या राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर बघा, पूल १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ असा असेल आणि लीज टाइम २४ तास, तुमचा १०४ बघून माझा तसा अंदाज आहे. म्हणजे १०० नंबर, आणि दिलेला नंबर दिवसभर त्याच फोनच्या नावावर. तुमची मुलं दोन पाळ्यांत १४० फोन आणि वर लॅपटॉप. सकाळचा मुलगा दोनला घरी गेला तरी त्याचा नंबर उद्या सकाळपर्यंत अडकलेला, खुर्ची रिकामी पण पाटी त्याच्याच नावाची. दुपारच्याला द्यायला काही उरत नाही.

म्हणजे झालं असं असणार. दुसरी पाळी सुरू केलीत तेव्हाच नंबर कमी पडायला लागले, आतल्या खोलीतली मुलं म्हणाली लागत नाही, तुम्हाला वाटलं रेंज नाही, जुना राउटर लावलात, तो स्वतःकडचे नंबर वाटायला लागला म्हणून "लागत नाही"चं "लागतं पण चालत नाही" झालं. काल आपण त्याला गप्प केला आणि आधीचं परत उघडं पडलं.

उपाय दोन मिनिटांचा. पूल २० ते २५० करा, २३१ नंबर होतात. लीज १२० मिनिटं करा. घाबरू नका, दोन तासांनी कोणाचं नेट तुटत नाही, फोन अर्धा वेळ झाला की आपणहून मुदत वाढवून घेतो. जो घरी गेला तो वाढवायला येत नाही आणि त्याचा नंबर मोकळा होतो. राउटर एकदा रीस्टार्ट करा आणि प्रिंटर, कॅमेरा असं काही असेल तर त्यांना ३ ते १९ मधले नंबर कायमचे लावून टाका, तिथे डीएचसीपी हात लावणार नाही.

कोथरूडकर_८८

मी वर डीएनएस सांगितलं ते घाईत सांगितलं, सॉरी. वाचून मलाच पहिल्यांदा कळलं की आमच्याकडे ते का चाललं होतं, आमचं नावाने उघडत नव्हतं पण व्हॉट्सअॅप चालायचं.

एक शंका, ७० मुलं म्हणजे घरगुती राउटरला झेपेल का? नंबर असले तरी हवेतली गर्दी वेगळी ना?

रात्रपाळी

बरोबर विचारलंत. वायफायवर एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. ७० जण एकाच डब्यावर असले की प्लॅन ३०० चा असो की १००० चा, रांग तीच. म्हणून दोन्ही डबे वेगळ्या चॅनलवर हवेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, शेजाऱ्यांचे दहा राउटर त्याच तिघांत असणार. एकाला १ द्या, दुसऱ्याला ११, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा आणि दोन्ही डब्यांवर ५ गिगाहर्ट्झ असेल तर ते चालू करा, ते भिंतीतून कमी जातं पण एकाच हॉलमध्ये बसलेल्यांना तेच चांगलं. वर्षभरात जमलं तर छताला लावायचे दोन चांगले अॅक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वायफाय पसरवणारे डबे, घ्या, आज लगेच नाही.

आणि हे मात्र आजच करा: राउटरच्या पानाचा पासवर्ड खोक्यावर छापलेलाच असेल तर बदला, आणि अॅक्सेस पॉइंट आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन असं काही दिसलं तर चालू करा म्हणजे एकाच डब्यावरच्या मुलांचे लॅपटॉप एकमेकांना दिसणार नाहीत. त्यांच्या नोट्स, फॉर्म, फोटो सगळं त्यात असतं.

अभ्यासिका_सदाशिव

मंडळी, चार दिवस मुद्दाम थांबून लिहितोय. पूल खरंच १०० ते १९९ होता आणि लीज १४४० मिनिटं. बदललं. नवीन केबलवर लॅपटॉपला २८० च्या पुढे स्पीड येतोय. दुपारी चारला राउटरच्या यादीत ९६ मशीन दिसल्या, माझ्या डोळ्यांदेखत दोनला घरी गेलेल्या सकाळच्या मुलांचे नंबर मोकळे होऊन दुसऱ्यांना गेले, मी तासभर ती यादी बघत बसलो होतो. त्या मुलीने काल पूर्ण परीक्षा दिली, मी स्वतः तिला आतल्या खोलीतल्या राउटरजवळची खुर्ची दिली होती.

कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय: मोठा राउटर १.१, जुना १.२, प्रिंटर १.५, पूल २० ते २५०, लीज १२०. खाली लिहिलंय, आधी आयपीकॉन्फिग, मग गेटवेला पिंग, मग ८.८.८.८ ला, मग नावाने.

ताई, एक शेवटचं. दारावरचा कॅमेरा मला घरून बघायचाय, इलेक्ट्रिशियनने पोर्ट फॉरवर्डिंग की काय केलंय पण बाहेरून लागतच नाही. कॅमेऱ्याला १.६ दिलाय, आतून दिसतो.

रात्रपाळी

मोठ्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर कंपनीने तुमच्यासारख्या बऱ्याच जणांना मिळून एकच जाहीर पत्ता दिलाय, म्हणजे तुमच्या वाड्याबाहेर अजून एक मोठा वाडा आहे आणि त्याच्या दरवाज्याची वही तुमच्या हातात नाही. मग तुमच्या राउटरवर किती पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायच्या खिडक्या, उघडल्या तरी पाकीट तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. अशा वेळी कंपनीकडे स्टॅटिक पब्लिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा जाहीर पत्ता, मागायचा, त्याचे वेगळे पैसे घेतात, नाहीतर कॅमेऱ्याचं अॅप वापरायचं, त्यात कॅमेरा स्वतः आतून बाहेर जोडला जातो म्हणून अडत नाही. आणि पोर्ट उघडा ठेवण्यापेक्षा अॅपच बरं, फक्त कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला. आकडा काय येतो ते कळवा, मी रात्री जागीच असते.